जैनोद्दीन मास्तरांचा उत्तररंग

"राजा बुरा नहीं. बस, इत्ताच बोलना," अमीनसाहेब म्हणाले आणि त्यांनी अडकित्त्यात सुपारी अशी कातरली, की समोर उभ्या असलेल्या जैनोद्दीन मास्तरांचे डोळे आपोआप मिटले.

पोलीस ठाण्याच्या त्या खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर ठाण्याचे अंमलदार, म्हणजे अमीनसाहेब, बसले होते. मास्तर टोपी हातात घेऊन उभे होते. टोपी डोक्यावर ठेवावी की हातात, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नव्हतं.

"साहेब, पण चित्रात तर राजा..."

"चित्रातला राजा मी पाहिलाय." अमीनसाहेबांची बरीच नोकरी ह्याच मुलखात झालेली, त्यामुळे मराठी ते झकास बोलत. "चित्र हैदराबादेहून पास होऊन आलंय. त्याला मी कात्री लावू शकत नाही. पण तू सिनेमाच्या तंबूत रिळामागून रीळ उभा राहून जे सांगतोस, हातवारे करतोस, गातोस, ते कुणी पास केलं? चित्र सगळं उर्दूत. तुझ्या अणदूरच्या कुणब्याला त्यातलं काय समजतं? तू सांगशील तेवढंच. मग आता असं सांग. तो सुहेल लुटारू आहे. राजा दयाळू आहे. शेवटी राजा त्याला माफी देतो आणि लोक राजाचा जयजयकार करतात. काय कठीण आहे?"

मास्तर म्हणाले, "आन् माझा पोरगा?"

"उद्या खेळाला मी येतो. माझ्यासंगं मंडळीही असतील." मंडळी म्हणजे रझाकार, हे सांगायची गरज नव्हती. "परवा सकाळी आमची मोटार कैदी घेऊन हैदराबादेकडं निघते. जाते अणदूरवरूनच. खेळ मनासारखा झाला, तर मोटार अणदुरात थांबेल आणि तुझा पोरगा उतरेल. नाही झाला, तर थांबणार नाही. आणि हे तुझ्यामाझ्यात. तंबूवाल्यालासुद्धा कळता कामा नये. सांगून वदवून घेतलंय असं लोकांना कळलं, तर तुझ्या बोलण्याची काय किंमत राहिली?"

मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बाहेर पडताना शिपायानं मेहेरबानी म्हणून कोठडीकडं बोट दाखवलं. आत अंधार होता. गजांवर बोटं तेवढी दिसली. खाजामियाँचीच ती. उजव्या अंगठ्याला तंबूच्या इंजनानं भाजल्याचा डाग होता.

"अब्बा, अम्मीला सांगा, म्या जेवलो."

"काय जेवलास?"

आतून उत्तर आलं नाही. शिपायानं मास्तरांच्या खांद्याला धरून त्यांना वळवलं.

*

जैनोद्दीन हे काही शाळेतले मास्तर नव्हते. जन्म पिंजाऱ्याच्या घरचा. बाप अणदुरात घरोघर कापूस पिंजून गाद्या भरायचा. गावातल्या मारुतीच्या देवळात चातुर्मासात कीर्तन उभं राहायचं, तेव्हा गॅसबत्ती पेटवायचं काम ह्या पोराकडं आलं, कारण बत्तीचं तंत्र त्याला साधायचं. बत्ती पेटवून झाली की पायरीखाली बसायचं आणि मंद झाली की वर जाऊन हवा भरायची. असं करता करता कीर्तन त्याच्या अंगात कधी शिरलं ते कुणालाच कळलं नाही. पूर्वरंगात त्याला झोप यायची, पण उत्तररंगाला, म्हणजे आख्यान सुरू झालं की पोरगा ताठ. बुवा होते उत्तरेश्वरबुवा. त्यांनी एकदा झांजा त्याच्या हातात दिल्या, म्हणाले, "धर. ताल चुकला तर मारीन, जात विचारणार न्हाय."

ज्याला कीर्तनाची गोडी लागली तो जन्माचा गेला, असं मला वाटतं. सोन्याच्या ताटात जेवण वाढलं तरी त्याचा कान कुठून झांज येते का तिकडंच असणार. जैनोद्दीन पाच वेळची नमाज चुकवत नसत, रोजे धरत, आणि कथेत द्रौपदीची हाक आली की त्यांचे डोळे भरत. दोन्हींत त्यांना कधी भांडण दिसलं नाही. दिसत होतं ते बाकीच्यांना. जातभाई त्यांना 'कीर्तन्या' म्हणत, आणि अलीकडं म्हणताना हसत नसत.

गावातल्या सिद्रामप्पानं सिनेमाचा तंबू काढला तेव्हा त्याची पंचाईत झाली होती. चित्रं उर्दू-हिंदी, आणि बघणारे मराठी नि कानडी. मशीन एकच, म्हणून एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत पडदा पांढरा. त्या वेळात लोक कावायचे, शिट्ट्या मारायचे. मग जैनोद्दीन खोक्यावर उभे राहून झालेल्या रिळाची गोष्ट सांगू लागले आणि पुढच्याची हुरहूर लावू लागले. चित्रातल्या गाण्यांच्या चालींवर त्यांनी मराठी पालुपदं बांधली. लोक ती उचलू लागले. तेव्हापासून ते मास्तर.

ह्या वर्षीचं चित्र होतं 'बागी की बाँसुरी'. जुलमी राजा, त्याच्या दरबारात गाणारी गुलरुख, आणि बासरी वाजवत गावोगाव लोकांना उठवणारा सुहेल. दोघांचं प्रेम बसतं. राजा सुहेलला तळघरात कोंडतो. शेवटी गुलरुख राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभी राहून गाते, बाहेरची माणसं तिचं गाणं उचलतात, पहारेकरी भाले खाली ठेवतात आणि दार उघडतं. सोलापूरपर्यंत नवं हिंदुस्थान आलं होतं. अणदूरच्या बाजूला मात्र अजून निजामाचं राज्य होतं. अशा दिवसांत हे चित्र अणदुरात लागलं, आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं गाड्या जुंपून येऊ लागली.

त्या शेवटच्या गाण्यावर मास्तरांनी पालुपद बांधलं होतं:

सोड साखळी राया आता, पहाट आली दारी
तुझ्या तुरुंगी कोंडुन पडली माझी दुनिया सारी

खाजामियाँ सोलापूरच्या ठेसनावरून रिळांचे डबे आणायचा. आठवड्यामागं नाक्यावर डबे उघडले गेले, तेव्हा रिळांखाली सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातली, निजामाविरुद्धची पत्रकं निघाली आणि तो तिथंच धरला गेला. पोरानं बापाला कधी शब्दानं सांगितलं नव्हतं. बाप रोज खोक्यावर उभा राहून गात होता, पोरानं ते ऐकलं आणि खरं मानलं, इतकंच.

*

त्यांच्या घरातली बोली दखनी, पण भांडण आणि रडणं निघायचं ते मराठीतच. हमिदाबीनं सगळं ऐकून घेतलं. चुलीवरचा तवा उतरवून ठेवला.

"मग? सांगायचं की तसं."

"हमिदा, कथा हाय ती."

"कथा!"

"बुवा म्हणायचे, कथेतल्या मानसाला आपल्या सोयीनं मारू नये आन् आपल्या सोयीनं तारू नये. लोकं इस्वासानं बसत्यात समोर."

"बुवा मरून किती दिस झालं? त्यास्नी लेकरं हुती का?" हमिदाबीचा आवाज चढला. "कापडावरची सावली हाय ती, जी. बत्ती इझली की न राजा, न रानी. माझा पोरगा सावली न्हाय. नऊ महिनं ह्या पोटात वागवलाय म्या."

मास्तरांनी चुलीतलं लाकूड मागं सारलं.

"त्या सुहेलाला लुटारू म्हना, खुनी म्हना, भडवा म्हना. त्याची माय कुठं रडत बसली न्हाय."

मास्तर म्हणाले, "म्हनतो. म्हनतो ना. कबूलच करून आलोय."

मग हमिदाबी रडली. नवऱ्याला नमवल्यावर तिला काही हलकं वाटलं नाही. तिनं उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अल्ला बघतोय. पोटच्या पोरासाठी केलेलं त्याला समजतंय." आणि परत तव्यावर भाकरी टाकली. ती करपली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या तंबूत मास्तर एकटेच खोक्यावर उभे राहून पुटपुटत होते. "तर मंडळी, हा राजा दयाळू..." दयाळू म्हटलं की त्यांचा हात सवयीनं छातीवर जायचा. तो त्यांनी परत खाली घेतला.

मागं सिद्रामप्पा इंजनाला शिव्या घालत होता. "मास्तर, हे इंजन म्हंजे आमचा थोरला जावई बघा. चालतंय तवर चालतंय, रुसलं की अख्ख्या खानदानानं हात जोडायचे! खाजा असता तर एका फटक्यात वळनावर आनलं असतं." मग जीभ चावून जवळ आला. "काही कळलं का पोराचं?"

"न्हाय."

"अमीन आज येनार म्हनं खेळाला. तुमी जरा सांभाळून बोला बरं का. तंबू जाळत्याल."

"सांभाळूनच बोलतो," मास्तर म्हणाले.

तंबूच्या तोंडाशी इरम्मा पोतं अंथरून बसली होती, समोर फुटाणे, शेंगा आणि बत्ताश्यांची टोपली. म्हातारी एकटी, कानडी मुलखातून फार पूर्वी ह्या गावात दिलेली. माल विकून झाला की फुकट आत बसायची, आणि सिद्रामप्पा तिला कधी अडवत नसे. हे चित्र तिनं पहिल्या दिवसापासून एकदाही चुकवलं नव्हतं.

"मास्तर, आज का वो तोंड वाळलंय? घ्या, बत्तासा घ्या. गळ्याला बरा."

"नको, इरम्मा."

"घ्या हो. तुमचा गळा बसला तर त्या पोराला सोडवनार कोन?"

मास्तर दचकले. "कुठल्या पोराला?"

"आवो, त्या बासरीवाल्याला! रोज कोंडत्यात मेल्याला, रोज सुटतोय. मला तर बाई त्येच्यासाठीच यावं वाटतं. ते दार उघडलं की कसं बरं वाटतंय जिवाला. आता वय झालं, पर तुमी ते पद म्हनाया लागला की माझा बी गळा मोकळा हुतोय."

मास्तरांनी बत्तासा घेतला. तोंडात टाकला नाही, मुठीतच धरला. इरम्माला सांगावं, आज पद म्हणू नकोस, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. पण तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. 'का?' असं तिनं विचारलं असतं, आणि उत्तर असं नव्हतंच, की जे टोपलीपाशी बसून देता येईल. आपण पद घेतलंच नाही तर लोक कुठून घेणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

*

दिवस मावळला, इंजन धडधडू लागलं. तंबू काठोकाठ भरला. डाव्या अंगाला कनातीपलीकडं बाया, उजवीकडं पुरुष. पुढं दोन खुर्च्या टाकल्या होत्या. एकीत अमीनसाहेब बसले, दुसरीत त्यांनी टोपी ठेवली. मागं काठ्या घेतलेली मंडळी उभी राहिली. बायकांत कनातीच्या कडेला हमिदाबी बसली होती. ती आजवर कधी खेळाला आली नव्हती.

पहिलं रीळ संपलं. पडदा पांढरा झाला. मास्तरांनी गॅसबत्तीवरचा पत्रा काढला आणि ते खोक्यावर चढले.

"तर मंडळी, हा जो बासरीवाला सुहेल तुमी पाहिला, त्याच्या गोड सुरांना भुलू नका. हा आहे लुटारू. बासरीच्या नादानं लोकांना भुलवायचं आन् राज्याची तिजोरी फोडायची, हा त्याचा धंदा."

मग मागून माणिकप्पा तेल्याचा आवाज आला, "मास्तर, परवादिशी तर ह्यो गरिबाचा वाली हुता की! दोन दिसांत बिघडला व्हय?"

हशा पिकला. अमीनसाहेबांनी मान वळवली नाही. सुपारीचं एक खांड तोंडात टाकलं.

"परवा... परवा माझं सांगायचं चुकलं हुतं," मास्तर म्हणाले.

"तुमचं चुकलं? आन् राजा?"

"राजा दयाळू आहे. धीर धरा, कळंल."

लोक कुजबुजले, पण मास्तर म्हणतात म्हणजे काही तरी असेल, म्हणून गप्प बसले. त्यांच्यावर लोकांचा भरवसाच तसा होता. मास्तरांना वाटलं होतं, खोटं सांगताना आपली जीभ अडखळेल. ती अडखळली नाही. दुसऱ्या रिळानंतर तर त्यांनी राजाच्या आईची एक अशी गोष्ट रचून सांगितली, की म्हाताऱ्यांनी मान डोलावली. बुवांनी शिकवलेलं सगळं कामी येत होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, कुठं एखाद्याकडं बघून बोलायचं. अंगाला घाम फुटत होता आणि आख्यान रंगत होतं. अमीनसाहेब एकदा हसलेसुद्धा. मास्तरांनी ते हसू पाहिलं आणि त्यांना पोराचा अंगठा दिसला.

असं करत शेवटाच्या आधीचं रीळ आलं. गुलरुख पायऱ्यांवर उभी राहिली, तिनं गाण्याचं पहिलं कडवं म्हटलं, आणि नेहमीप्रमाणं नेमकं तिथंच रीळ संपलं. रोज ह्या वेळी मास्तर पालुपद घ्यायचे, तंबू ते उचलायचा, आणि त्या गजरातच शेवटचं रीळ सुरू व्हायचं.

मास्तर खोक्यावर चढले. बत्तीची फरफर सोडली तर काही आवाज नव्हता.

"मंडळी, राजा गवाक्षात उभा आहे. खाली तळघरात तो पोरगा. अंधार. गजावर त्याची बोटं तेवढी दिसतात." हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. "राजाच्या काळजात दया आली. त्यानं पहारेकऱ्याला हाक मारली आन् हुकूम दिला, का बाबा, ह्या पोराला... ह्या पोराला..."

पुढचा शब्द 'सोडा' होता. एवढा एक शब्द बोलला असता की सगळं पार पडलं असतं. पण गळ्यात काही तरी येऊन बसलं. त्यांनी तोंड उघडलं, आवाज निघेना. घोट गिळला, निघेना. रात्रंदिवस जे मागितलं तेच आता तोंडातून बाहेर पडायला तयार नव्हतं.

कंठ दाटला तर दाटू द्यावा, बुवा सांगायचे. पद लोकांच्या हवाली करावं. ते उचलून धरतात. इतकी वर्षं मास्तरांनी हेच केलं होतं, आणि लोकांनी हेच शिकून घेतलं होतं, की मास्तरांचा गळा दाटला म्हणजे आता आपण घ्यायचं.

बायकांतून इरम्माचा आवाज आला. पातळ, कानडी हेल असलेला.

"सोड साखळी राया आता..."

"पहाट आली दारी," चारपाच बायांनी उचललं.

मास्तरांनी तिला थांबवायला दोन्ही हात वर केले. तळवे लोकांकडं करून, नको नको म्हणून हलवले. पण कीर्तनात हात वर झाले की त्याचा अर्थ एकच असतो. सगळ्यांनी म्हणा. पुरुषांची बाजू उठली. माणिकप्पानं टाळी धरली. मास्तर जितके हात हलवत होते तितका आवाज चढत होता. 'तुझ्या तुरुंगी कोंडुन पडली माझी दुनिया सारी' म्हणताना माणसं उभी राहिली. कनातीच्या कडेला हमिदाबी दोन्ही हातांनी कान झाकून "गप ऱ्हावा, गप ऱ्हावा वो" म्हणत होती. तिचे ओठ हललेले तेवढे मास्तरांना दिसले.

मशीनवाल्यानं नेहमीच्या सवयीनं शेवटचं रीळ सुरू केलं. पडद्यावरची माणसं गाऊ लागली आणि समोरची माणसंही. पहारेकऱ्यांनी भाले खाली ठेवले. तळघराचं दार उघडलं. तंबूत आरोळी उठली. त्या उजेडात अमीनसाहेब उभे राहिले तेव्हा त्यांची सावली पडद्यावर पडली आणि सुहेल काही वेळ दिसेनासा झाला.

मागच्या मंडळींनी काठ्या आपटल्या. अमीनसाहेबांनी त्यांना हातानंच थांबवलं. खुर्चीवरची टोपी उचलली, झटकली आणि जाता जाता खोक्यापाशी थांबले.

"बहोत खूब, मास्तर. लोगाँ तुमको बहोत चाहते."

आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

*

त्या रात्रीचं काय सांगावं. सकाळी उन्हं वर आली तेव्हा मास्तर आणि हमिदाबी सडकेच्या कडेला उभे होते. हमिदाबीच्या काखेत पोराचा धुतलेला सदरा होता.

"रागं भरलं न्हाईत, म्हनला ना तुमी?"

"न्हाईत."

"खूब म्हनलं ना?"

"म्हनलं."

"मग थांबंल मोटार," हमिदाबी म्हणाली. थोड्या वेळानं परत तेच विचारलं. मास्तरांनी परत तेच सांगितलं. ते सोडून त्या दोघांकडं बोलायला दुसरं काही नव्हतं.

येणारेजाणारे थांबत होते. रात्रीचा खेळ अख्ख्या गावाच्या तोंडी होता. एक गाडीवान बैल थांबवून खाली उतरला आणि मास्तरांच्या पायाला हात लावून गेला. "अमिनाच्या नाकावर टिच्चून म्हनलं बघा! आधी कसा खोटं खोटं राजाचं कौतुक करून त्याला गाफील ठेवला... मास्तर, छाती लागते." 'न्हाय रे बाबा' एवढंही त्यांना म्हणता आलं नाही.

मग धुरळा दिसला. मोटार आली, मागं ताडपत्री टाकलेली, दोरांनी आवळलेली. हमिदाबी सडकेच्या मध्यात जाऊन उभी राहिली. तिनं सदरा वर धरला. मोटारीनं जोरात भोंगा वाजवला. मास्तरांनी तिला दंडाला धरून ओढलं तेव्हा चाक तिच्या पदराला घासून गेलं. ताडपत्रीतून कुणी हाक मारली की नाही, ते इंजनाच्या आवाजात कळलं नाही. मोटारीचा वेग कमी झाला नाही. पुढच्या वळणावर धुरळा उठला, पांगला, आणि पलीकडचं बाभळीचं झाड परत जसंच्या तसं दिसू लागलं.

हमिदाबी ओरडली नाही. पदराची फाटलेली कड तिनं एकदा चाचपून पाहिली. मग वळली आणि सरळ चालू लागली. तंबूपाशी इरम्मा पोतं अंथरून टोपली मांडत होती. हमिदाबी कुठं निघाली आहे हे मास्तरांच्या ध्यानात आलं आणि ते मागं धावले.

"हमिदा! हमिदा, नको. तिला न्हाय ठावं."

"तिनंच धरलं पयलं."

"तिला न्हाय ठावं गं. म्हातारी मरंल."

हमिदाबी थांबली नाही. इरम्मानं मान वर केली आणि तिचा सुरकुतलेला चेहरा फुलला.

"या, या! बाई, काल खेळाला हुता न्हवं तुमी? पाहिलं म्या तुमाला. कसलं रंगलं वो!" मग जरा लाजून, आवाज खाली घेऊन म्हणाली, "मास्तरांचा गळा दाटला बघा. म्या म्हनलं, आता ह्यो मानूस रडाया लागंल चारचौघांत. म्हनून म्याच धरली पयली चाल. चुकलं न्हवं का?"

हमिदाबी तिच्यासमोर उभी होती. सदरा मुठीत चुरगळलेला. मास्तर दोन पावलं मागं थांबले. आता त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि हात वर करायची तर त्यांची छातीच नव्हती.

"न्हाय," हमिदाबी म्हणाली. "चुकलं न्हाय."

"तसं कसं, आवाज चिरका माझा..."

"चांगला हाय आवाज."

इरम्मा खूश झाली. मग तिला हमिदाबीच्या हातातला सदरा दिसला, डोळे दिसले, सडकेवरचा धुरळा दिसला. काय झालं ते तिला कळलं नाही, पण काही तरी झालंय एवढं कळलं. तिनं विचारलं नाही. टोपली बाजूला सारली, स्वतः सरकली आणि पोत्याची अर्धी बाजू हातानं झाडून साफ केली.

"बसा जरा. ऊन लई झालं."

हमिदाबी बसली. मास्तरही मग पोत्याच्या कडेला, जमिनीवरच टेकले. समोर सडक होती. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि एखाद्याला शेंगा हव्या असल्या की इरम्मा हमिदाबीच्या मांडीवरून हात लांबवून त्या मोजून देत होती.